पाय शेवटी बघायचे

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर आहे. मूळचा चोपड्याचा. घरात समुद्र बघितलेला पहिला माणूस असं लिहिणार होते, पण गणपतीपुळ्याची सहल धरली तर तो आम्ही सगळ्यांनीच बघितलाय. समुद्रावर राहणारा मात्र हाच पहिला. जहाजावर हल्ली इंटरनेट बरं चालतं. त्यामुळे कधी मी भाकरी थापत असताना, कधी शाळेतून घरी येताना फोन वाजतो आणि त्यात एका पांढऱ्या-करड्या पक्ष्याचा फोटो असतो. खाली एकच ओळ: "मावशी, हाऊ कोनता शे?"

घरात मराठी बोलणारा हा पोरगा फोटो पाठवताना बरोबर अहिराणीत शिरतो. जहाजावरच्या लोकांना कळू नये म्हणून असेल.

मी सावद्याला राहते आणि शाळेत चित्रकला शिकवते. वर्षातला बराच वेळ एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसलेल्या पोरांकडून करड्याच्या छटा करून घेण्यात जातो. थंडीतल्या रविवारी हतनूरला जाते. चांगदेवजवळ तापी-पूर्णेचा संगम आहे, त्याच्या खालच्या अंगाला हे धरण. पावसाळ्यात ४१ दरवाजे उघडल्याची बातमी पेपरात येते तेवढीच बाहेरच्यांना त्याची ओळख. दिवाळीनंतर फुगवट्याचं पाणी मागे सरकायला लागतं, कडेचा काळा गाळ उघडा पडतो आणि त्या गाळावर कुरव, म्हणजे इंग्रजीतले गल, येऊन उभे राहतात. म्हणून भाचा मला विचारतो. शेजारच्या काकूंना याचं आश्चर्य वाटतं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत बसलेली बाई समुद्रावरचे पक्षी काय ओळखणार, असं त्यांनी एकदा तोंडावर विचारलंही.

खरं सांगायचं तर कुरव शिकायला धरणाचा काठ समुद्रापेक्षा सोपा. जहाजाच्या मागे येणारा कुरव पाय पोटाखाली घेऊन उडतो, खाली लाट, वर चकाकणारं आभाळ, आणि बघणारा डेकवर हलत असतो. हतनूरला तोच पक्षी तासभर एका जागी उभा. पिसं साफ करतो, पंख ताणतो, एका पायावर उभा राहून दुसरा पोटात लपवतो, मग बदलतो. काय बघायचं ते निवांत बघून घ्या. शिवाय कुरव म्हणजे समुद्राचाच पक्षी हीही अर्धीच गोष्ट. आमच्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो तपकिरी डोक्याचा कुरव. त्याची वीण लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकाठी होते. हिवाळ्यात तो जितक्या सहज मुंबईच्या खाडीवर जातो तितक्याच सहज तापीवर उतरतो. खारं पाणी प्यायलं तरी त्याचं अडत नाही. डोळ्यांच्या वर एक ग्रंथी असते, ती जास्तीचं मीठ गाळून नाकपुड्यांतून बाहेर टाकते. गोड्या पाण्यावर असताना तिला फारसं काम नसतं.

भाच्याने जहाजावर गेल्यावर पहिला शोध लावला तो पायांचा. कुठेतरी वाचलं त्याने: हेरिंग गलचे पाय गुलाबी, लेसर ब्लॅक-बॅक्डचे पिवळे, किटिवेकचे काळे. झालं. त्यानंतर त्याचे सगळे फोटो पायांचे यायला लागले. रेलिंगवर बसलेल्या पक्ष्याचं डोकं कापलेलं, पंखांची टोकं फ्रेमच्या बाहेर, आणि मधोमध दोन पाय. मी त्याला कळवलं की बाबा रे, आधी पूर्ण पक्षी पाठव, पाय शेवटी बघायचे.

त्याला हे पटायला वेळ लागला. पायांचा रंग ही खूण पक्की वाटते, कारण पुस्तकात ती एका शब्दात सांगता येते. पिसांचं तसं नाही.

माझ्या लेखी पहिला प्रश्न वयाचा. कुरव लगेच मोठा दिसत नाही. लहान जातींना पूर्ण रंगात यायला दोन वर्षं लागतात, मधल्यांना तीन, मोठ्यांना चार. तोवर दर हिवाळ्यात त्याचं रूप बदलतं: आधी सगळं तपकिरी आणि ठिपक्या-ठिपक्यांचं, मग पाठीवर करडी पिसं डोकवायला लागतात, मग शेपटीचा काळा पट्टा तुटक होतो आणि शेवटी नाहीसा होतो. या काळात मोठ्या जातीच्या बहुतेक पिल्लांचे पाय मळकट गुलाबीच असतात. पुढे ज्यांचे पिवळेजर्द होणार त्यांचेही. म्हणजे "गुलाबी पाय, म्हणून हेरिंग" हे सूत्र तपकिरी पक्ष्याला लावलं की जगातले सगळे तरुण कुरव हेरिंग ठरतात. भाच्याच्या यादीत काही दिवस तसंच चाललं होतं. ओमानच्या किनाऱ्यावर हेरिंग, सुएझच्या तोंडाशी हेरिंग.

चोच, शेपूट आणि पाठ बघून वय ठरलं की मग पुढचं. आणि वय ठरतच नसेल तर तो फोटो बाजूला ठेवायचा. दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यातले मोठे कुरव बघून भलेभले हात टेकतात, त्यात आपण का जीव जाळायचा.

मग पंखाचं टोक. हतनूरला हे सगळ्यात चांगलं शिकता येतं, कारण दोन जवळचे भाऊ इथे एकत्र असतात. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. थंडीत दोघांचंही डोकं पांढरं, कानामागे एक गडद ठिपका, चोच लाल आणि तिचं टोक काळपट, पाय लाल. गाळात उभे असले तर पायही लाल दिसत नाहीत, काळ्या मातीचे मोजे घातलेले असतात. अशा वेळी पंख उघडायची वाट बघायची. तपकिरी डोक्याच्याचं टोक चांगलं रुंद काळं, आणि त्या काळ्यात दोन पांढरे गोल ठिपके; पक्षीवाले त्यांना आरसे म्हणतात. काळ्या डोक्याच्याच्या पंखाची पुढची कड पांढरी, लांबलचक पाचरीसारखी, आणि काळं फक्त मागच्या काठाला बारीक. उडताना हा फरक इतका ठळक असतो की दुर्बीण न लावताही कळतो. बसलेल्या पक्ष्यात डोळा बघावा. तपकिरी डोक्याच्या प्रौढाचा डोळा फिका, जवळजवळ पांढरा, त्यामुळे त्याचा चेहरा थोडा रागीट वाटतो. दुसऱ्याचा डोळा काळा, चेहरा भोळा. पण पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी डोक्याच्याचा डोळाही गडदच असतो आणि आरसेही उमटलेले नसतात. पुन्हा वयावर आलोच.

डोक्याच्या रंगावरून ठेवलेली ही नावं थंडीत कामाची नाहीत, आणि उन्हाळ्यातही काळ्या डोक्याच्याचं डोकं काळं नसून चॉकलेटी असतं. खरं काळंभोर डोकं पल्लासच्या कुरवाचं. मोठा पक्षी, साठ-सत्तर सेंटिमीटरचा, चोच पिवळी, तिच्यावर काळा पट्टा आणि टोकाशी लाल. सातपुड्याकडे भोंगऱ्या बाजार भरायच्या सुमाराला, म्हणजे होळीच्या तोंडावर, त्याचं डोकं पूर्ण काळं झालेलं असतं आणि डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या कोरी. पाय पिवळे, त्यात हिरवटपणाची झाक. त्याच्या आसपास बाकीचे कुरव उभे असले की ते एकदम किरकोळ वाटतात.

पंखांचं टोक काळं का, हा प्रश्न शाळेतल्या पोरीने विचारला होता आणि तो मला फार आवडला. काळा रंग मेलॅनिनचा, आणि मेलॅनिन असलेलं पीस लवकर झिजत नाही. वारा, मीठ, ऊन यांचा मारा सगळ्यात जास्त टोकालाच बसतो, म्हणून बहुतेक कुरवांची टोकं काळी. याचा उलटा परिणाम असा की त्या टोकांवरचे पांढरे ठिपके आधी झिजतात. पिसं गळून नवी येण्याआधी, उन्हाळ्याच्या शेवटी, कडेचे पांढरे ठिपके पार नाहीसे झालेले पक्षी दिसतात. चित्रात दाखवलेले ठिपके तुमच्या पक्ष्यात नाहीत म्हणून लगेच नवी जात सापडली असं समजू नये. भाच्याला हे सांगून ठेवलंय, कारण नवी जात शोधायची त्याला फार हौस.

आता पाठीचा करडा. इथे माझा धंदा कामाला येतो. करडा रंग एकटा बघितला की डोळा फसतो. पांढऱ्या कागदावर गडद वाटतो, काळ्यावर फिका. शाळेत मी पोरांना दहा चौकोनांची पट्टी काढायला लावते, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, आणि निम्म्या पोरांच्या पट्टीत पाचवा चौकोन सहाव्यापेक्षा गडद निघतो. कुरवांचा अभ्यास करणाऱ्यांनीही हाच मार्ग धरलाय. फोटोच्या कामासाठी बनलेली कोडॅकची करड्याची पट्टी ते वापरतात. तिच्यावर शून्य म्हणजे पांढरा, आणि आकडा वाढेल तसा रंग गडद. हेरिंग गलची पाठ चार-पाचच्या आसपास, ग्रेट ब्लॅक-बॅक्डची तेरा ते पंधरा. आमच्या पश्चिम किनाऱ्यावर थंडीत येणारा ह्यूग्लिन्सचा कुरव या दोघांच्या मधला, शिशाच्या रंगाचा. तो रशियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रातून येतो, त्याचे पाय पिवळे. त्याच किनाऱ्यावर स्टेप गल असतो, जरा फिका, पायही पिवळेच. आणि कॅस्पियन गल, आणखी फिका, चोच लांब आणि बारीक, डोळा बहुधा बारीक काळा, पाय फिकट, गुलाबीकडे झुकणारे. जेएनपीटीच्या बाहेर नांगर टाकून भाच्याचं जहाज उभं होतं तेव्हाचे त्याचे फोटो बहुतेक या तिघांत मोडतात. त्यांतले काही मी अजून उघडून बघते आणि बंद करते.

फोटोतला करडा मात्र मोबाइल ठरवतो. ढगाळ दिवशी फोन आपणहून फोटो उजळ करतो आणि ह्यूग्लिन्सचा हेरिंग होऊन जातो. यावर उपाय म्हणजे शेजारी दुसरी जात असलेला फोटो. दोन पक्षी एका फ्रेममध्ये असले की कुणाची पाठ गडद हे तरी खात्रीने सांगता येतं. म्हणून मी त्याला सांगते, एकट्या पक्ष्याचे पन्नास फोटो नकोत, थव्याचा एक पाठव.

हे सगळं झालं की पाय.

पायांच्या रंगाचं दुखणं असं की तो उजेडावर अवलंबून असतो आणि ऋतूवरही. पिवळा रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइडमधून येतो, गाजरात असतं त्याच कुळातलं. विणीच्या दिवसांत पाय भडक, थंडीत फिके, आजारी किंवा उपाशी पक्ष्याचे आणखी फिके. रात्री डेकवरच्या पिवळ्या दिव्यात तर जगातल्या प्रत्येक कुरवाचे पाय पिवळे. त्यावर मी भाच्याला वर्गातलीच युक्ती सांगितली: आधी पोट बघ. पोट पांढरं असतं हे आपल्याला माहीत आहे. फोटोत ते पिवळट दिसत असेल तर उजेड पिवळा आहे, पायांवर विश्वास ठेवू नको. निळसर दिसत असेल तर सावली आहे, गुलाबी पायही करडे वाटणार. पोट पांढरंधोप आणि त्यात पिसाची एकही रेघ दिसत नसेल तर फोटो जास्त उजळलाय, मग फिका गुलाबी आणि फिका पिवळा दोन्ही सारखेच.

दुसरी युक्ती त्याहून चांगली. पाय चोचीशी ताडून बघायचे. दोन्ही एकाच पक्ष्याला, एकाच उजेडात, एकाच फोटोत. हेरिंग गलची चोच पिवळी आणि पाय गुलाबी, सोललेल्या कच्च्या शेंगदाण्याच्या सालीसारखे. उजेड कसाही असो, चोच आणि पाय दोन वेगळ्या रंगांचे दिसणारच. लेसर ब्लॅक-बॅक्डची चोच पिवळी, पायही पिवळे. दोन्ही एका घरचे. यात रंगाचं नाव घ्यायचीच गरज पडत नाही. वेगळे की सारखे, एवढं सांग. हे त्याला एकदम जमलं आणि त्याच्या बोसनलाही, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमालाही, जो रत्नागिरीकडचा आहे आणि आजवर सगळ्या कुरवांना एकाच मापाने मोजत होता.

मोठ्या कुरवांच्या चोचीवर खालच्या बाजूला लाल ठिपका असतो त्याबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही. निको टिनबर्गन नावाच्या डच शास्त्रज्ञाने हेरिंग गलच्या पिल्लांना पुठ्ठ्याची डोकी दाखवली. काहींच्या चोचीवर लाल ठिपका, काहींवर दुसऱ्या रंगाचा, काहींवर काहीच नाही. पिल्लं लाल ठिपक्यावर सगळ्यात जास्त टोची मारायची, कारण खऱ्या आईबापाच्या चोचीवर तिथे टोचलं की ते पोटातलं अन्न बाहेर काढून भरवतात. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासाबद्दल त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं, कार्ल फॉन फ्रिश आणि कोनराड लोरेन्झ यांच्याबरोबर. नोबेलच्या वाटेवर कुठेतरी पुठ्ठा, कात्री आणि पोस्टर कलर लागतात ही गोष्ट मी दरवर्षी नववीला सांगते. आमच्या हस्तकलेच्या तासाला कमी लेखणाऱ्या इतर विषयांच्या मास्तरांनाही सांगते.

भाच्याच्या पहिल्या मोठ्या फेरीत जहाज सुएझमार्गे गेलं, आणि त्या वाटेवर कुरव कसे बदलत जातात ते मला सावद्यात बसून बघायला मिळालं. ओमानच्या सलाला बंदरात सूटी गल. पाठ आणि डोकं धुरकट तपकिरी, मानेमागे पांढरी पट्टी, चोच हिरवट पिवळी आणि तिला काळा पट्टा व लाल टोक. एडनच्या आखातापासून त्याच्यासारखाच दुसरा दिसायला लागतो, व्हाइट-आइड गल. हा जवळजवळ लाल समुद्राचाच रहिवासी, त्याच्या बाहेर फारसा जात नाही. दोघांचेही पाय पिवळे, म्हणून पाय इथे अजिबात उपयोगाचे नाहीत. चोच बघायची: व्हाइट-आइडची लांब, बारीक, गडद लाल, टोकाला काळी. आणि डोळ्याभोवतीच्या पांढऱ्या कोरी. व्हाइट-आइडला वर आणि खाली दोन्हीकडे ठळक, सूटीला ठळक अशी वरचीच. भाच्याने ब्रिज विंगवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या बाजूच्या सज्जावरून, पहाऱ्याची पाळी संपल्यावर, दुर्बिणीला फोन लावून काढलेल्या एका फोटोत दोघे शेजारी शेजारी आहेत. त्याने आजवर पाठवलेल्यांतला तो सगळ्यात चांगला फोटो, आणि त्यात पाय दिसत नाहीत.

सुएझ ओलांडल्यावर भूमध्य समुद्रात यलो-लेग्ड गल. नावातच पाय. दिसायला हेरिंगसारखा, पाठ किंचित गडद, आणि इथे मात्र चोच-पायांची जोडी बघितली की निकाल लागतो. त्याच समुद्रात ऑडुइन्स गल असतो. त्याची चोच लाल, पाय करडे-हिरवट, डोळा काळा. रॉटरडॅमला हेरिंग आणि लेसर ब्लॅक-बॅक्ड दोघांच्याही मोठ्या वसाहती बंदराच्या परिसरातच आहेत. क्रेन, कंटेनर आणि घरटी. उन्हाळ्याचे दिवस होते म्हणून लेसरही होते. थंडीत त्यांतले बहुतेक स्पेन-पोर्तुगाल, आफ्रिकेच्या बाजूला उतरतात. ग्रेट ब्लॅक-बॅक्ड एकदाच दिसला. जगातला सगळ्यात मोठा कुरव, काळी पाठ, फिके गुलाबी पाय. "मावशी, हा बगळ्याएवढा आहे" असा मेसेज आला. बगळ्याएवढा उंच नसतो, पण पंख पसरले की दीड मीटरच्या वर जातो, म्हणून त्याला माफ केलं.

किटिवेक त्याला उत्तर अटलांटिकमध्ये, पुढच्या फेरीला भेटला. तो खरा समुद्राचा. विणीचे महिने सोडले तर किनाऱ्याशी त्याचा संबंध नाही. पंखाची टोकं सरळ कापल्यासारखी काळी, त्यांत आरसा नाही, चोच साधी पिवळी, पाय काळे. त्याला मागचं बोट जवळजवळ नसतंच, म्हणून शास्त्रीय नावात ट्रायडॅक्टिला, तीन बोटांचा. किनाऱ्यापासून शेकडो मैल आत जहाजामागे कुरव दिसला की आधी किटिवेकचा विचार करावा. म्हणून आता मी फोटोबरोबर जागा विचारते, किनारा किती मैल आहे ते विचारते आणि महिना लिहायला सांगते. या तिन्हींवरून निम्म्या जाती आपोआप गळतात. मोबाइलमधली ॲपही खरं म्हणजे हेच करतात, फक्त त्यांना घाई फार असते.

२०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. भाच्याचंही जहाज त्या बाजूने गेलं. बहिणीने तेव्हा महिनाभर नीट जेवण केलं नाही. मुक्ताईला नवस बोलली, मेहूणला तिच्या देवळात जाऊन आली. मला त्याने केपटाउनचे कुरव पाठवले.

तिथे दोन होते. एक छोटा, हार्टलॉब्स गल, आमच्या हतनूरच्या कुरवांचाच दूरचा नातेवाईक. चोच आणि पाय गडद लाल, इतके गडद की उन्हाविरुद्ध काळेच वाटावेत. दुसरा मोठा, केल्प गल, पाठ काळी, चोच भडक पिवळी. यावरून आमचा खरा वाद झाला. त्याचं म्हणणं, पाय पिवळे. मी म्हटलं, पिवळे म्हणतोस तर चोचीशी लावून बघ. त्याने फोटो मोठा करून पाठवला. चोच स्वच्छ पिवळी, आणि पाय तिच्याशेजारी मळके, शेवाळलेले. मी तेव्हाच लेमन यलोत टोकभर काळा मिसळून कागदावर एक फराटा ओढला. पिवळ्यात काळा टाकला की काळपट पिवळा होत नाही, हिरवा होतो. हे न बघितलेल्या माणसाला खोटं वाटतं. कागदाचा फोटो त्याला पाठवला. दक्षिण आफ्रिकेच्या केल्प गलचे पाय असेच, ऑलिव्हकडे झुकणारे. तिथल्या पक्ष्याचा डोळाही गडद असतो, त्यामुळे लेसर ब्लॅक-बॅक्ड म्हणून तो खपवता येत नाही.

तो म्हणाला, डेकवर पोचेपर्यंत पायांना ग्रीस लागलं असेल. मी म्हटलं, दोन्ही पायांना सारखं? त्यावर त्याने विषय बदलला आणि विचारलं की यंदा भरीत कधी करणार.

पुढचं जहाज त्याला सिंगापूर-इंडोनेशियाच्या बाजूचं मिळालंय. तिकडे कुरव फार कमी, सुरय, म्हणजे टर्न, भरपूर. बरणीभर शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि एका कागदावर दोन चोची रंगवून दिल्या. ग्रेटर क्रेस्टेड टर्नची हिरवट पिवळी, लेसर क्रेस्टेडची नारिंगी. कागदावर पाय काढलेच नाहीत. दोघांचेही काळे असतात.